लाकडी घोडीवरचा स्वार

जयलक्ष्मीपुरममध्ये, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, भुवनचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान अरुंद आणि आरसे भरपूर, त्यामुळे आत एकटा भुवन असला तरी बाहेरून चार-पाच भुवन बसलेले दिसतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हे सगळे भुवन मिळून एकच उद्योग करतात. ते घोड्यावर बसतात.

म्हणजे बसलेले असतात आपले स्टुलावरच. पण गुडघे आत आवळलेले, पाठ किंचित पुढे कललेली, हात काउंटरवर सैल, जणू बोटांत लगाम आहे. काच घासायच्या यंत्राची घरघर चालू असते आणि त्या घरघरीवर भुवन निघतो. कुक्करहळ्ळीचं तळं मागे पडतं, विद्यापीठाची झाडं मागे पडतात, मग शेतं लागतात, मग नुसतंच गवत. वारा तोंडावर येतो. तेवढ्यात कुणीतरी दारात उभं राहून "सार, स्क्रू ढिला झालाय" म्हणतं, आणि पंचेचाळिशीला टेकलेला, पोट जरासं सुटलेला हा स्वार मुकाट्याने खाली उतरून स्क्रू आवळून देतो.

या माणसाला हसायचं असेल तर हसा. मीही हसलो आहे. पण त्याच्या रक्तातच ते होतं, त्याला तो काय करणार?

त्याचे पणजोबा आणि आजोबा महाराजांच्या घोडदळात होते. वडील मालोजीराव घोडेस्वार पोलिसांत होते. मैसूरची माणसं दसऱ्याला हत्ती बघायला जातात. या घरातली माणसं हत्तीच्या पुढे चालणारे घोडे बघायला जात, आणि त्या घोड्यांतल्या एकावर ताठ बसलेले मालोजीराव दिसले की परत फिरत. हत्ती मागून आला काय न आला काय, त्यांचा दसरा झालेला असे.

पण घराचा खरा दसरा त्यानंतर सुरू व्हायचा. मिरवणूक संपल्यावर घोडा तबेल्यात नेताना वाट जरा वाकडी करायची मुभा मालोजीरावांना होती. ते गावाची वेस ओलांडून जात, बन्नीची एक फांदी तोडत आणि घरी येत. शमीला इथे बन्नी म्हणतात. दारात घरातली बाई घोड्याच्या पायांवर पाणी घालायची, आणि मग घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस मोठ्याने म्हणायचा, "स्वार आला." ते शब्द उच्चारल्याशिवाय त्या घरात दसऱ्याचं ताट मांडलं जात नसे. पणजोबांच्या वेळी वेस जवळ होती, आज जिथे भुवनचं दुकान आहे तिथेच कुठेतरी. पुढे गाव वाढत गेलं आणि वेस पळत राहिली. दर पिढीच्या स्वाराला आणखी लांब जावं लागलं.

मालोजीराव निवृत्त झाले आणि ते शब्द थांबले.

पहिल्या वर्षी भुवन आपल्या बिनगिअरच्या स्कूटरवरून फांदी घेऊन आला होता. सुष्माने, त्याच्या बायकोने, चाकांवर पाणीही घातलं. मालोजीराव आता घरातले सर्वांत वडील. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, तिच्या सीटवर गुडघे जुळवून बसलेल्या मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे बसणं नव्हे रे. ही खुर्ची आहे. मांड कुठं आहे? आयतु, झालं, जेवायला वाढा." दसरा झाला, जेवणं झाली, शब्द तेवढे राहून गेले. पुढच्या वर्षापासून भुवन बाजारातून पानं विकत आणू लागला.

आता भुवनच्या मांडेची, म्हणजे घोड्यावरच्या बैठकीची, गोष्ट सांगायला हवी. तो लहान असताना, म्हणजे दुसरीत वगैरे असेल, मालोजीरावांनी त्याला तबेल्याच्या पटांगणात एका उंच तांबड्या घोड्यावर बसवलं होतं. घोडा बिचारा शहाणा होता. दोन पावलं चालला, एवढंच. भुवन एका बाजूला घसरला आणि धुळीत पडला. लागलं काहीच नाही. मालोजीरावांनी त्याला उचललं, चड्डीवरची धूळ झटकली, आणि तोंड फिरवलं. रागावले नाहीत, हसले नाहीत, पुन्हा कधी घोड्यावर बसवलंही नाही. पडल्याचं दुखणं भुवनला आठवत नाही. ते फिरवलेलं तोंड मात्र आजही आठवतं.

त्यानंतर त्याच्या वाट्याला आलं ते घरातलं खोगीर. पणजोबांचं, चामडं काळं पडलेलं, पुढच्या खोलीत खिडकीशी एका लाकडी घोडीवर चढवून ठेवलेलं. भुवन शाळेतून आला की त्यावर बसायचा. रिकिबीत पाय, गुडघे घट्ट, आणि खिडकीबाहेर पिवळा होत जाणारा चामुंडीचा डोंगर. तो कुठे कुठे गेला नाही त्या खोगिरावरून! त्या खिडकीतून त्याने अख्खा मुलूख पालथा घातला आणि एकदाही पडला नाही. कॉलेजात मित्राच्या मोटरसायकलवर तो गिअर टाकायला शिकला, परवानाही काढला, पण मग दुकान, लग्न, घर यांत ते तिथेच राहिलं. खोगिरावर मात्र तो अजूनही बसतो, सुष्मा घरी नसताना. तिला ते ठाऊक आहे. चामडं पुसलेलं दिसतं.

हे सगळं असंच, स्वप्नात आणि स्टुलावर, चालू राहिलं असतं. पण मालोजीरावांचे डोळे गेले.

एकदम गेले नाहीत. नजरेच्या बरोबर मधोमध एक धुकं आलं आणि ते पसरत गेलं. समोरच्या माणसाचा चेहरा जायचा, कडेचं जग राहायचं. त्यामुळे मालोजीरावांना दार बघायचं असलं की ते खिडकीकडे तोंड करत, आणि कडेने दार बघत. नव्या पाहुण्याला वाटायचं, म्हातारा आपल्यावर रुसलाय. भुवनने दुकानातली एकूण एक काच लावून बघितली. डॉक्टरांनी सांगितलं, याला चष्मा नाही. अर्ध्या जयलक्ष्मीपुरमला नजर देणाऱ्या माणसाला स्वतःच्या बापासाठी एक काच मिळू नये, हे भुवनला फार लागलं. त्या पावसाळ्यात कडाही मावळायला लागल्या. पुढच्या दसऱ्याला अप्पांना, म्हणजे मालोजीरावांना, काय दिसेल, कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे ते शब्द ऐकायचे तर हाच दसरा.

आणि अशातच एके दिवशी दुकानासमोर सिग्नलला एक स्पोर्ट बाइक थांबली. वरचा पोरगा पुढे झुकलेला, गुडघ्यांनी टाकी दोन्हीकडून आवळलेली, टाचा मागे घेतलेल्या. भुवन चष्म्याची दांडी हातात घेऊन बाहेरच आला. ही मांड होती! बिनचूक, पणजोबांची मांड. हिरवा दिवा लागला, गाडी गेली, आणि भुवन गिऱ्हाइकाला तसंच आत बसवून रस्त्यावर उभा राहिला.

रविवारी तो शोरूममध्ये गेला. किरणकुमार नावाचा एक हसतमुख विक्रेता कन्नडमधून म्हणाला, "पहिलीच ना, सार?" आणि त्याला एका रांगेतल्या गाड्यांपाशी घेऊन गेला. या टोकाला दीडशे सीसीची, मध्ये अडीचशेची, त्या टोकाला साडेसहाशेची. सगळ्या स्टँडवर चढवलेल्या, सरळ, चकचकीत. भुवन एकेकीवर बसत गेला. दीडशेची त्याला शिंगरू वाटली. अडीचशेची बरी. साडेसहाशेवर तो बसला, गुडघ्यांनी टाकी आवळली, डोळे मिटले, आणि शोरूम विरघळलं. तळं गेलं, झाडं गेली, शेतं लागली, गवत लागलं. कुठेतरी खाली मोठा जनावरी श्वास चालू होता. दारात अप्पा उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

"सार?" किरणकुमार म्हणाला. "झोप लागली काय?"

"हीच," भुवन म्हणाला.

आता ही चूक नीट बघा, कारण ती फक्त याच घरातल्या माणसाच्या हातून होऊ शकते. आयुष्यभर हा गृहस्थ न हलणाऱ्या घोड्यावर बसत आलेला. न हलणाऱ्या घोड्यावर त्याच्याइतकं सुंदर बसणारा माणूस आख्ख्या मैसुरात नसेल. स्टँडवरच्या साडेसहाशेवर तो शोभला, यात नवल ते काय? शिवाय मनात एक लबाड हिशेब होता. पडण्याला इतकी वर्षं उलटली, मग भरपाई तेवढीच दांडगी नको? जेवढं इंजिन मोठं, तेवढं धुळीत पडलेलं ते पोर लहान होत जाईल, असं काहीसं.

"आधी चालवून बघा सार," किरणकुमार चाचरत म्हणाला. "नवीन माणसाला ही जरा जड जाते."

ते दोघे रिंग रोडच्या पलीकडे, रिकाम्या प्लॉटांच्या वस्तीत गेले. भुवनने मूठ केसभर पिळली आणि रस्ता अंगावर आला. तो घाबरला, घाबरला म्हणून हात आवळला, हात आवळला म्हणून मूठ आणखी पिळली गेली. कसाबसा ब्रेक लागला. तरी त्याला अजून वाटत होतं की जमेल. परत फिरण्यासाठी त्याने गाडी हळू वळवायला घेतली, आणि वळणाच्या मध्यावर ते धूड एका बाजूला कलंडू लागलं. पायाने रेटून धरलं, पण पायाच्या ताकदीची हद्द लगेच आली. गाडी सावकाश, जवळजवळ मायेने, आडवी झाली आणि भुवनही तिच्याबरोबर धुळीत बसला.

किरणकुमार धावत आला. "सगळ्यांचं होतं सार, खरंच," असं म्हणत त्याने चड्डीवरची, म्हणजे पँटवरची, धूळ झटकली. तेवढ्याने भुवन दुसरीत जाऊन पोचला. तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी त्याने सुष्माला सगळं सांगितलं, खोगिरासकट. सुष्मा दाराशी बसून मोगऱ्याची माळ ओवत होती. "संपलं ते," तो म्हणाला. "अप्पांचं बरोबरच होतं. मला मांडच नाही. सुम्ने, उगाच कशाला हौस? बाजारातून पानं आणतो."

सुष्माने माळेची गाठ मारली. "अहो, ते बेट्टदपूरचे मास्तर आले होते ना दुकानात? ज्यांना जास्त नंबरच पाहिजे होता?"

"त्यांचं काय आता?"

"सांगा तर. काय म्हणत होते ते?"

"हेच, की या काचेतून अक्षर काळंभोर दिसतं, हीच द्या. सगळेच म्हणतात. खुर्चीत बसून जास्त नंबर छानच वाटतो. दोन मिनिटं."

"मत्ते, मग तुम्ही काय केलं?"

"चालून या म्हणालो. दुकानाची पायरी उतरा, रस्त्यापर्यंत जा, परत या. पायरीवरच डोकं गरगरलं त्यांचं. मग कमी नंबर घेतला आणि…" भुवन थांबला.

"मग तुम्ही कशाला बसून निवडलात?" सुष्मा म्हणाली, आणि दुसरी माळ घेतली.

माणसाला बायको चांगली मिळावी लागते, हे मी लेखक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून सांगतो.

पुढच्या रविवारी किरणकुमारने त्याला दारात बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. पण भुवन आज कुठल्याच गाडीवर बसला नाही. त्याने गाड्या स्टँडवरून उतरवायला लावल्या. आधी नुसत्या ढकलत चालवल्या, मागे घेतल्या, कलत्या करून सरळ केल्या, आणि त्यांचं वजन आपल्या हातापायांचं ऐकतं का ते पाहिलं. मग त्याच रिकाम्या वस्तीत जाऊन तो हळू, अगदी माणसाच्या चालीने, वळत राहिला. साडेसहाशेला त्याने लांबूनच नमस्कार केला. दीडशे लगेच ऐकायची, लाडकी होती, पण त्याचे लांब पाय तिच्यावर दुमडून छातीशी यायचे आणि चढावर दोघांनाही धाप लागायची. अडीचशेवर त्याचे दोन्ही तळवे जमिनीला टेकत. हळू वळताना त्याला चाकाकडे बघावं लागेना, जायचं तिकडे बघता येई. हात थरथरला तरी ती रागावत नव्हती, आणि खरंच मागितलं की मोकळ्या रस्त्यावर देत होती. तिच्यावर बसून त्याला काहीच दिसलं नाही, ना तळं, ना गवत. फक्त समोरचा रस्ता दिसला. तो चकित झाला.

"ही," तो म्हणाला. या वेळी त्याचे डोळे उघडे होते.

मग पहाटे उठणं सुरू झालं. दुकान उघडायच्या आधी तो हुणसूर रस्त्याला जाऊन यायचा, सुट्टीला आणखी लांब. एकदा तो तलकाडला गेला. कावेरीवर धुकं होतं, आणि वाळूच्या टेकड्यांतून देवळांचे माथे तेवढे वर आले होते. त्याने गाडी झाडाखाली लावली आणि वाळूत बसला. गार होत जाणारं इंजिन मधूनच टक् करत होतं. खाली अख्खी देवळं गाडलेली, वर गारठा, आणि आपण इथे स्वतःच्या हातांनी पोचलो, हे त्याला स्वप्नाहून स्वप्नासारखं वाटलं. तो सुखी होता. त्या सकाळी तो अगदी निखळ सुखी होता.

घरी मालोजीराव रोज तो आवाज जाताना-येताना ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी एकदा चहा पिताना म्हणाले, "केवढा घोडा?"

"अडीचशेचा, अप्पा."

"मोठा मिळाला नाही काय?"

भुवनने कप खाली ठेवला. "मिळत होता. त्याने पाडलं मला."

मालोजीराव बशीतला चहा फुंकत राहिले. "हूं," म्हणाले. त्या हूंमध्ये काय होतं ते शोधण्यात भुवनचा आख्खा दिवस गेला.

आयुधपूजेला खोगिराशेजारी गाडी उभी राहिली. दोघांना शेवंतीच्या माळा, दोघांना कुंकू. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सगळं मैसूर हत्तीकडे लोटलेलं असताना भुवन उलट्या दिशेने निघाला. वेस आता कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, तेव्हा त्याने ठरवलं होतं, सरळ बेट्टदपूरच्या डोंगरापर्यंत जायचं. तिथे वेस ओलांडलेली असेल याबद्दल तरी वाद नको. मास्तरांनीच सांगितलं होतं की पायथ्याशी बन्नीचं जुनं झाड आहे.

हुणसूर मागे गेलं. तंबाखूच्या भट्ट्यांचा गोडसर, दाट वास रस्त्यावर पसरला होता. गुडघे टाकीला, वारा छातीला. डोंगर आधी निळा दिसला, मग हिरवा, मग माथ्यावरचं देऊळ सुटं दिसू लागलं. बन्नीला नमस्कार करून त्याने एक फांदी घेतली, जॅकेटमध्ये छातीशी ठेवली, आणि झाडाखाली थोडा वेळ नुसता उभा राहिला. पणजोबा, आजोबा, अप्पा. एवढ्या लांब त्यांच्यातलं कुणी आलं नव्हतं.

येताना ऊन उतरत होतं. गावात शिरताना मिरवणुकीची गर्दी परतत होती आणि गाडी माणसांच्या पावलांनी चालवावी लागली. क्लच, पाय, क्लच, पाय. पोरं, फुगे, भुईमुगाच्या शेंगांच्या गाड्या. ते सगळं त्याने शांतपणे पार केलं आणि आपल्या गल्लीत वळला.

गल्ली अरुंद. दारासमोर गाडी घराकडे तोंड करून उभी करायची तर एकदा पूर्ण वळावं लागतं, हळू, दोन कंपाउंडांच्या मधून. अगदी तेच वळण, जिथे साडेसहाशेने त्याला धुळीत बसवलं होतं. सुष्मा तांब्या घेऊन उभी होती. तिच्याशेजारी, फाटकाला धरून, ताठ, मालोजीराव. भुवनने मूठ हलकी केली, बापाकडे न बघता वळणाच्या शेवटाकडे बघितलं, आणि गाडी कलवली. ती कलली, सावकाश फिरली, फिरून सरळ झाली आणि दारासमोर येऊन थांबली. वळताना पाय एकदाही जमिनीला टेकला नव्हता.

त्याने मान वर केली.

मालोजीरावांनी तोंड फिरवलं होतं. शेजारच्या माडाकडे ते बघत होते, मुलाकडे त्यांचा कान होता.

तबेल्याचं पटांगण, धूळ, आणि तेच फिरवलेलं तोंड. क्षणभर भुवन दुसरीतला झाला. मग त्याच्यातला चष्मेवाला जागा झाला. या डोळ्यांत सगळ्या काचा त्यानेच लावून पाहिल्या होत्या. समोर बघितलं असतं तर त्यांना नुसतं धुकं दिसलं असतं. जे खरंच बघायचं असतं, त्याच्याकडे अप्पांना असंच बघावं लागतं.

तो हलला नाही. त्यांना नीट दिसावं म्हणून गुडघे आवळून, पाठ पुढे घेऊन, जसाच्या तसा बसून राहिला. इंजिन चालू होतं. मालोजीराव माडाकडे तोंड करून खूप वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"सुष्मा," ते म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "पायांवर पाणी घाल. स्वार आला."